खसखशीची नथ आणि केशरी कडी

गोष्ट खरी आहे, घडायची तेवढी बाकी आहे. अजून वीस-बावीस वर्षांनी साताऱ्यात गडकर आळीला गेलात तर एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं दिसतील. दोन्हींवर पाटी एकच, आगाशे. डावीकडे मोठी जाऊ मृदुलाताई, उजवीकडे धाकटी वैजयंती, म्हणजे वैजू. दोघींच्या उंबरठ्यांत चार पावलांचं अंतर, आणि त्या चार पावलांत जळफळाट एवढा, की लाइट गेली तरी जिन्यातला बल्ब म्हणे मिणमिणत राहायचा.

जळायची ती वैजू. मृदुलाताईंना कुणी कधी जळताना पाहिलं नव्हतं, आणि वैजूला नेमकं तेच सोसत नव्हतं.

कारण होतं संक्रांतीचा काटेरी हलवा. तिळावर, साबुदाण्यावर, खसखशीवर साखरेचा पाक थेंबथेंब सोडायचा आणि मंद धगीवरच्या परातीत बोटांनी दाणे फिरवत बसायचं. साखर थरावर थर धरते, आणि हवा थंड नि कोरडी असली तर दाण्याला बारीक काटे फुटतात. मग त्या दाण्यांचे दागिने ओवायचे, आणि घरातल्या नव्या सुनेनं पहिल्या संक्रांतीला ते काळ्या साडीवर घालायचे. या कामाचा एकच कडक नियम. हाताला पाणी लागू द्यायचं नाही. परातीत एक थेंब पडला की सगळा काटा बसला. म्हणून हलवा करणारी बाई मधेच उठली तरी हात धूत नाही, फडक्याला पुसते.

मृदुलाताईंच्या हलव्याचा काटा सगळ्या साताऱ्यात नावाजलेला. एका नवऱ्या मुलानं लाडात येऊन बायकोच्या गळ्यातला हार ओढला, तर त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इंजेक्शन देणारी बाई माझ्या ओळखीची आहे. आणि त्यांची नथ तर खसखशीच्या हलव्याची. खसखशीचा दाणा तो केवढा, त्याला काटा आणायचा, आणि तो सुईत धरून ओवायचा. वैजूनं करून पाहिलं तेव्हा परातीत नुसता गोळा झाला होता, तोंडाला लावायच्या पावडरीसारखा.

चाळीस वर्षं वैजूनं तीळ निवडले, पाक गाळला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून "मृदुलाताईंच्या हातचा हलवा" ऐकला.

मग मृदुलाताईंचे डोळे बिघडले. बुबुळावरचा काचेसारखा पडदा असतो ना, कॉर्निया, तो तुमचा-आमचा गोल असतो. त्यांचा तरुणपणापासून थोडा निमुळता होता, त्यात जन्मभराची परातीची धग. डोळे एवढे कोरडे पडले की पापणी उघडताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. एका दिव्याचे पाच दिसायचे. परात सुटली, सुई सुटली, आणि आळीतल्या नव्या नवऱ्या उजव्या दाराची बेल वाजवायला लागल्या.

ती चार-पाच वर्षं वैजूची. थंडी तर साताऱ्यातून उठूनच गेली होती, जानेवारीत लोक आमरसाची चौकशी करायचे. पण वैजू एसी सोळावर ठेवून, कानटोपी आणि दोन शाली घालून परातीपुढे बसायची. काटा बरा यायचा. लोक छान म्हणायचे. फक्त डाव्या दाराला काही वाटत नव्हतं. मृदुलाताई दाणा जिभेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "छान झालाय गं, वैजू." एवढंच, आणि तेही मनापासून. वैजूला वाटायचं, मेली जरा तरी जळावी.

* * *

डोळ्यांच्या दवाखान्यात मृदुलाताईंना वैजूच घेऊन गेली. जावेला एकटीला कसं पाठवणार, लोक काय म्हणतील.

डॉक्टर नसीम मुजावर तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "काकू, चष्म्याचं काम नाही हे. लेन्सच लागणार."

"मग माझ्यासारख्या द्या की," वैजू म्हणाली. ती कॉलेजात असल्यापासून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावत होती आणि अडुसष्टाव्या वर्षीही चष्म्याला नाक द्यायला तयार नव्हती.

"तुमची लेन्स कॉर्नियावरच बसते. दुधावर साय बसते तशी. खाली सपाट तर साय सपाट. यांच्या डोळ्यात खाली डोंगर आहे, सायही डोंगरासारखीच होणार आणि दिसणार वाकडंच. शिवाय मऊ लेन्सला डोळ्यातलं पाणी लागतं. यांच्याकडे पाणी आहे कुठं?"

डॉक्टरांनी एक लेन्स काढून दाखवली. वैजूनं ती पाहिली आणि म्हणाली, "ही लेन्स आहे की बशी?"

"स्क्लेरल लेन्स. ही कडक असते, आणि मोठी असते कारण ती बुबुळाला शिवतच नाही. बाजूच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधे घुमटासारखी उभी राहते. घालायच्या आधी हिच्यात मिठाचं निर्जंतुक पाणी भरायचं, वाटीत भरतात तसं. मान खाली घालून ती डोळ्याला लावायची. पाणी दिवसभर आत राहतं. कण्हेरच्या धरणात टेकड्या बुडाल्यात, वरून दिसतात का? पाणी सपाटच दिसतं. तसं उजेडाला तो डोंगर लागतच नाही. आणि कोरडा डोळा दिवसभर पाण्यात."

दोन वेळा निसटली, तिसऱ्या वेळी बसली. मृदुलाताईंनी मान वर केली. भिंतीवरची अक्षरं पाहिली, खिडकीतून अजिंक्यतारा पाहिला, त्यावरचा टॉवर पाहिला. मग जावेकडे वळून बराच वेळ बघत राहिल्या. वैजूला वाटलं आता रडणार.

"वैजू," त्या म्हणाल्या, "तुझ्या हनुवटीवर केस आलाय गं. पांढरा."

वैजूनं घरी येऊन तो केस उपटला. राग तेवढा मुळासकट आत राहिला.

पण त्या दिवशी दवाखान्यातून निघता निघता एक गोष्ट झाली होती. मृदुलाताईंनी लेन्सच्या कडेला हात लावून विचारलं, "ही बारीक कडी कसली?"

"ती नवीन आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस घाबरला, चिडला, आतून धुमसायला लागला की रक्तात काही द्रव्यं वाढतात. त्यातली थोडी अश्रूंत उतरतात. साध्या लेन्सखाली ती सापडत नाहीत, पापणी लवली की खालचं पाणी बदलतं. इथं पाणी कोंडलेलं असतं, त्यामुळे सापडतात. कडीत एक जेली आहे. ती द्रव्यं वाढली की जेली आकसते, आणि आकसली की तिचा रंग बदलतो. शांत असाल तर काही दिसणार नाही. आत ढवळाढवळ झाली की केशरी. एकटं राहणारी वयस्कर माणसं त्रास होत असला तरी सांगत नाहीत, म्हणून घरच्यांना लांबून कळावं."

"बिनकडीची नाही मिळत?" मृदुलाताईंनी विचारलं.

"बंद झाल्या, काकू."

"म्हणजे पोटातलं डोळ्यात दिसणार," वैजू म्हणाली, आणि जिना उतरताना त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

* * *

या कडीनं साताऱ्यात काय धुमाकूळ घातला ते सांगायला बसले तर संक्रांत जाऊन होळी येईल. शनिवार पेठेतल्या रमीच्या क्लबानं स्क्लेरलवाल्यांना बंदी केली. एका भावी सासूबाईंनी मुलीकडचे पोहे खाताना "मुलगी पसंत आहे" म्हटलं आणि डोळे एवढे केशरी झाले की मुलीच्या बापानं पोहे परत आत नेले. पोवई नाक्यावर एक गृहस्थ सिग्नलला बायकोशी भांडत उभे होते, तर मागच्या रिक्षा दिवा पिवळा समजून थांबून राहिल्या. ज्यांना लपवायचं होतं ते साध्या लेन्सवर नाहीतर चष्म्यावर परत गेले. मृदुलाताईंना ती सोय नव्हती. स्क्लेरल काढली की एका माणसाचे पाच व्हायचे.

त्यांना तशी फिकीरही नव्हती. नजर परत आली म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरून परात काढली.

आणि त्याच वर्षी वैजूच्या नातवाचं, ईशानचं लग्न झालं. नातसून ओवी मोठी लाघवी पोरगी, दोन्ही दारांतून चपला न काढता आत शिरणारी. डिसेंबरात एकदा ती डाव्या दारातून आली आणि वैजूच्या ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, माझे हलव्याचे दागिने मोठी आजी करणारेत. मी सांगून आले. त्यांना दिसायला लागलंय तर त्यांनाही बरं वाटेल, नाही का?"

वैजू भाजी चिरत होती. गवारीचे तिनं एवढे बारीक तुकडे केले की शेवटी त्याची चटणीच करावी लागली.

"माझी नातसून," ती रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली. "माझ्या नातवाची बायको. आणि दागिने त्यांच्या हातचे."

श्रीरंगराव भाकरी मोडत होते. "तुझ्या डोळ्यात साधी लेन्स आहे म्हणून बरं," ते म्हणाले. "वहिनींसारखी असती तर आपल्याला घरात दिवे लावावे लागले नसते."

"गप्प जेवा."

"जेवतोय. उजेडात."

वैजूनंही परात काढली. दागिने गेले तर गेले, निदान हलवा तरी बघू दे म्हणावं कुणाचा सरस होतो. आणि साबुदाण्याचा पहिला घाणा उतरल्याबरोबर ती वाटीभर घेऊन डाव्या दारात गेली. मृदुलाताई परातीपुढूनच उठून आल्या. फडक्याला बोटं पुसली, दाणा घेतला, उजेडाला धरला.

"छान झालाय गं, वैजू," त्या म्हणाल्या.

आणि वैजूनं पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्यावर, कडेकडेनं, केशराची काडी दुधात सोडावी तसा रंग पसरला होता.

चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, वाटीभर साबुदाण्यावर मिळालं.

तिनं खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी तिळाचा नेला. केशरी. काकडीच्या बियांचा नेला. केशरी. श्रीरंगरावांना बरोबर नेलं, साक्षीला. ते परत येऊन म्हणाले, "वहिनी आणि हेवा? मला नाही पटत."

"तुम्हाला रंग दिसतात ना?"

"दिसतात."

"मग झालं."

वैजूला शांत झोप लागायला लागली. गुडघे दुखायचे थांबले. पार्लरात न जाता चेहऱ्यावर तुकतुकी आली. आपल्यावर कुणीतरी जळतंय यासारखं टॉनिक नाही. आळीत तिनं स्वतः कुणाला काही सांगितलं नाही, फक्त येईल तिला म्हणायची, "वहिनींना भेटून जा हं. माझा हलवा दाखव त्यांना." आठवड्यात सगळ्या आळीला कळलं की मृदुलाताई धाकट्या जावेवर जळतात. बायका हळहळल्या, आणि हळहळता हळहळता तिसऱ्यांदा बघायला गेल्या.

* * *

मृदुलाताईंनी काळा गॉगल लावायला सुरुवात केली. घरातसुद्धा. ओवीला त्यांनीच बोलावून सांगितलं, "बाळा, दागिने वैजूकडून करून घे. माझं मन बरं नाहीये. अशा हातांनी नव्या नवरीचं काही करू नये."

हे वैजूला कळलं तेव्हा ती लगेच डाव्या दारात गेली. दुःख दाखवायला. मृदुलाताई गॉगल लावून खुर्चीत बसल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला एक विचारू? मला खरं सांग. मी कधी तुझं वाईट चिंतलंय असं तुला वाटलं का?"

वैजूला हो म्हणता येईना. आठवूनही काही सापडेना.

"मलाही नाही वाटायचं," मृदुलाताई म्हणाल्या. "पण यंत्र कशाला खोटं बोलेल, त्याला काय कुणाची भीड. मी सकाळपासून शोधत बसते गं. माझ्या आत कुठं आहे ती जळजळ. तू आलीस नव्यानं तेव्हापासूनचं सगळं आठवून पाहते. सापडत नाही. आणि कडी तर म्हणते, आहे. म्हणजे मी स्वतःलाच जन्मभर फसवलं असणार. या वयात कळायचं हे."

वैजूनं इकडचं तिकडचं बोलून काढता पाय घेतला. घरी येऊन तिनं चहा केला, आणि प्यायचा राहून गेला.

दोन दिवसांनी मृदुलाताईंनी एक डबी पाठवली. निवडून, चाळून ठेवलेली खसखस. बरोबर ओवीच्या तोंडी निरोप. "मोठी आजी म्हणाल्या, खसखशीला चमच्यानं पाक द्यायचा नाही. फडक्याचं टोक पाकात बुडवायचं, पिळायचं, आणि नुसतं परातीवरून फिरवायचं. आणि एसीत करू नका म्हणाल्या. पहाटे गच्चीच्या जिन्याखाली बसा, कासकडून येणारं वारं तिथं कोरडं लागतं."

चाळीस वर्षं कुणाला न सांगितलेलं होतं हे. वैजूनं किती वेळा आडून आडून विचारलं होतं.

"का सांगितलं म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मनातलं पाप थोडं फिटेल."

वैजू डबी परत करायला म्हणून गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मृदुलाताई स्वयंपाकघरात एकट्याच, शेजारपाजारी वाटायला साधा तिळाचा हलवा करत होत्या. गॉगल काढून ठेवलेला. खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत, परातीत बोटं फिरवत, काहीतरी गुणगुणत होत्या. चेहरा अगदी निवांत.

आणि डोळे केशरी.

वैजू दारातच थांबली. आता इथं जळायला आहे कोण? डोंगरावर जळतात की काय?

तेवढ्यात मृदुलाताईंनी डोळे किलकिले केले. स्क्लेरलचं असं होतं, दुपारपर्यंत आतलं पाणी गढुळतं, मग लेन्स काढून ताजं भरावं लागतं. त्यांनी बोटं फडक्याला पुसली, लेन्स काढली, पुसली, पाणी भरलं, मान खाली घालून परत बसवली. हात काही धुतले नाहीत. परात चालू होती ना. चाळीस वर्षांची सवय.

ओट्यावर लेन्सची डबी होती. वैजूची नजर तिथं गेली. डबीभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

मिठाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत.

वैजू चार पावलं मागं आली आणि आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर फळीवर मोरावळ्याची बरणी होती. टपोरा आवळा साखरेत टाकला की साखर त्याचं पाणी ओढून घेते आणि आवळा आकसतो. जेली काय नि आवळा काय. हाताची साखर लेन्सच्या पाण्यात जात होती, जेली आकसत होती, आणि कडी केशरी होत होती. मृदुलाताईंच्या मनाचा त्यात काही संबंध नव्हता.

तरी तिनं डॉक्टर मुजावरांना फोन लावला. "एका ओळखीच्या बाईंचं विचारतेय," असं म्हणून विचारलं.

"साखर?" डॉक्टर म्हणाल्या. "हो, होईल की. म्हणून तर सांगते, हात धुवून, कोरडे करून मगच लेन्सला हात लावा. त्या बाईंनी मिठाई करता करता लेन्स घातली का?"

वैजूनं फोन ठेवला.

म्हणजे वहिनी जळतच नव्हत्या. साबुदाण्यावर नाही, तिळावर नाही, कशावरच नाही. चाळीस वर्षांत जे एकदा मिळालं असं वाटलं, ती बोटाला चिकटलेली साखर निघाली.

सांगितलं तर? वहिनी निवांत होतील, आळी त्यांची माफी मागेल, ओवी पुन्हा डाव्या दारात जाईल. आणि वैजू पुन्हा तीळ निवडणारी. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मुंग्यांना. वैजूच्या डोळ्यात साधी लेन्स, तिला कडी नाही, काही नाही. तिच्या आत काय चाललंय ते समोर बसलेल्या नवऱ्यालासुद्धा दिसत नव्हतं.

"काय झालं?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"काही नाही."

दोन दिवस ती डाव्या दारात गेली नाही. पहाटे मात्र गच्चीच्या जिन्याखाली परात घेऊन बसली, फडक्याचं टोक पाकात बुडवून, पिळून. वारं खरंच कोरडं होतं. लेन्स डोळ्यांत करकरायची, ती पापण्या मिटायची, उघडायची, बोटं फिरवत राहायची. आणि मग परातीत खसखस हळूहळू पांढरी व्हायला लागली, गोळा न होता, दाणा दाणा सुटा. तिनं भिंग लावून पाहिलं. प्रत्येक दाण्याला काटा.

वैजूला एवढा आनंद झाला की तो सांगायला ती दोन पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. मग थांबली. सांगायचं कुणाला? ज्या एका माणसाला याची किंमत कळली असती, ते माणूस गॉगल लावून स्वतःतलं पाप शोधत बसलं होतं.

* * *

भोगीच्या दिवशी दुपारी वैजू सगळे दागिने ताटात घेऊन डाव्या दारात गेली. बाजरीच्या भाकरीचा वास दोन्ही घरांतून येत होता.

"वहिनी, गॉगल काढा," ती म्हणाली. "आणि लेन्सही काढा. उठा, मोरीपाशी चला."

"कशाला?"

"सांगते. हात पुढे करा."

तिनं त्यांच्या हातांवर स्वतः पाणी घातलं. साबण लावला, नखांत बोट घालून साखर काढली, कोऱ्या पंचानं कोरडे केले. लेन्सची डबी उकळत्या पाण्यानं धुतली. मृदुलाताई लहान मुलीसारख्या हात पुढे करून उभ्या होत्या. मग नवी बाटली फोडून लेन्स त्यातल्या पाण्यानं धुतल्या, ताजं पाणी भरलं आणि लेन्स घालायला लावल्या. आणि मग मुंग्यांपासून मोरावळ्यापर्यंत सगळं सांगितलं.

मृदुलाताई ऐकत राहिल्या. मग खाली बसल्या.

"म्हणजे माझ्यात नाहीये ते?"

"बघू आता. मी एकेक दाखवते."

वैजूनं बाजूबंद हातावर ठेवला. मृदुलाताईंनी पाहिला. "सुरेख." डोळे पांढरेशुभ्र. कंबरपट्टा दाखवला. पांढरे. तिच्या मते जिच्यावर खुद्द लक्ष्मी जळली असती ती मोहनमाळ दाखवली. मृदुलाताई कौतुकानं म्हणाल्या, "किती सारखे दाणे निवडलेस गं," आणि कडी अशी, की लेन्स घातलीये की नाही कळू नये.

"थोडंसुद्धा नाही?" वैजू म्हणाली.

"काय थोडंसुद्धा?"

"काही नाही."

तेवढ्यात ओवी चपलांसकट आत आली. वैजूनं तिलाही सांगून टाकलं, आता राहिलंच काय होतं. "सगळी साखर होती गं. मोठ्या आजीच्या मनात काही नव्हतं. हात न धुता लेन्स घालत होत्या."

ओवी मृदुलाताईंच्या गळ्यात पडली, थोडी रडली, थोडी हसली, आणि रडता रडता ताटात कोपऱ्यात ठेवलेली छोटी डबी उघडून बसली. वैजू ती दाखवायची विसरली होती. मोहनमाळेनंतर तिचा उत्साहच संपला होता.

"अगंबाई, नथ," ओवी म्हणाली. "आजी, ही तुम्ही केलीत? ही तर मोठ्या आजींच्या फोटोतल्या नथेपेक्षाही नाजूक आहे." आणि ती आरसा शोधायला बाहेरच्या खोलीत पळाली. नथ मृदुलाताईंच्या तळव्यावर राहिली.

त्यांनी ती चिमटीत धरली. खिडकीपाशी गेल्या, उजेडाला लावली. त्या लेन्समधून त्यांना सगळं दिसत होतं, एकेक खसखस, एकेक काटा, दोन दाण्यांमधला दोरासुद्धा दिसू नये अशी ओवण. त्यांनी ती एकदा फिरवली. पुन्हा फिरवली.

"छान" म्हणाल्या नाहीत.

वैजू त्यांच्याकडे बघत होती. आधी तिला वाटलं खिडकीतलं ऊन असेल. पण ऊन दुसऱ्या बाजूला होतं. डाव्या डोळ्याच्या कडेला एक पुसट रेघ उमटली, मग उजव्या. रंग चढत गेला, सावकाश, साखरेसारखा भसकन नाही. साबणानं धुतलेल्या हातांनी, कोऱ्या पाण्यात घातलेल्या लेन्समध्ये, मृदुलाताईंचे डोळे केशरी झाले.

त्यांनाही ते कळलं. समोर कपाटाच्या काचेत दिसलं असावं. त्यांनी नथ धरलेला हात खाली घेतला आणि वैजूकडे पाहिलं. चाळीस वर्षांत वैजूनं त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, लपायला जागा न सापडलेल्या माणसासारखं.

ओवी आरसा घेऊन परत आली. "मोठी आजी, तुम्ही घालून द्या ना मला न…" ती थबकली. "तुमची कडी."

"साखर," वैजू म्हणाली.

"पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात, हात धुवून..."

"मघाशी मोहनमाळेतला सुटा दाणा तोंडात टाकला त्यांनी, आणि त्याच बोटांनी डोळा चोळला. मी बघत होते. किती सांगितलं तरी सवय जात नाही." ती ओवीच्या आणि जावेच्या मधे येऊन उभी राहिली. "दे तो आरसा इकडे. नथ मी घालते. तू जा, ईशानला बोलाव फोटो काढायला."

ओवी गेली. खोलीत दोघीच राहिल्या.

"मी दाणा खाल्ला नाही," मृदुलाताई हळू म्हणाल्या.

"मला माहीत आहे, वहिनी."

मृदुलाताईंनी नथ तिच्या हातात दिली. देताना क्षणभर सोडली नाही, मग सोडली. "वैजू," त्या म्हणाल्या, "पाक पिळताना तू फडकं दुहेरी घेतलंस ना? मी एकेरीच घ्यायचे."

"दुहेरी."

"मला कधी सुचलं नाही."

त्यांचे डोळे अजून केशरी होते, चांगले पिकल्या आंब्यासारखे. वैजू ते पाहत राहिली. आळीतली एकेक बाई हाक मारून बोलवावी, दाखवावं, हे बघा, आता साखर नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं, मी सांगते ना, आणि तिथंच तिनं ते गिळलं. मग काय वाटलं तिला ते कुणाला दिसलं नाही. तिच्या डोळ्यात लेन्स साधी, कॉलेजातल्यासारखी मऊ. तिनं पापणी मिटली, उघडली, आणि खालचं पाणी बदललं.